वांग्यांचा संग्राम

"ह्याला वांगं म्हणायचं? पाव्हणं, ह्याला दोन कान लावलं तर ससा हुईल की!"

आमच्या मळ्यात, वाफ्याच्या मधोमध उभं राहून थोरात आबा हे बोलले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. त्यांच्या हातात आमचं भरताचं वांगं होतं. हिरवट पांढरं, गुळगुळीत, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. बापू, म्हणजे माझे वडील, तोवर यजमानाला शोभेलसं हसत होते. ते हसू चेहऱ्यावर जागच्या जागी वाळलं.

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"गेलं," ती पुटपुटली. "वैजू, तुझं लग्न गेलं."

मी आणि संग्राम थोरात नाशिकला एकाच कारखान्याच्या ऑफिसात कामाला होतो. मी खानदेशातली, यावलजवळच्या खेड्यातली. तो कृष्णाकाठचा, वाळव्याकडचा. लग्न करायचं आम्ही ठरवलं होतं आणि दोन्ही घरांच्या गळी ते उतरवण्यात आमचं सबंध वर्ष गेलं होतं. जात वेगळी, बोली वेगळी, मधे अर्धा महाराष्ट्र. शेवटी बापू म्हणाले, "येऊ दे त्यांना. घर बघू दे, माणसं बघू दे. मग बघू." 'मग बघू'चा आमच्या घरात अर्थ 'नाही' असाच होता, फक्त जरा खालच्या आवाजात. तिकडे आबांनीही मुलाला असंच काहीसं सांगितलं होतं. थोडक्यात, दोघंही एखादं चांगलंसं कारण हाती लागेल या आशेनं एकमेकांची वाट बघत होते.

संग्राम हे नाव त्याला कुणी आणि काय बघून ठेवलं, देव जाणे. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच आधी 'सॉरी' म्हणायचा. ऑफिसात तिघांचं काम त्याच्या टेबलावर येऊन पडायचं, कारण नाही हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. मला तो आवडला होता तो या मऊपणामुळेच. पण आई त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मुलगा गोड आहे गं. पण हा सगळ्यांनाच हो म्हणतो. तुला हो म्हणाला, ते कशावरून खरं?"

मला आईचा राग आला होता. आणि प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

तर आबा आणि शालनकाकू, संग्रामचे आईवडील, जीपनं एवढा प्रवास करून आले होते. पाहुण्यांना काय खायला घालायचं यावर बापूंनी क्षणभरही विचार केला नव्हता. थंडीचे दिवस, मळ्यात वांगी लगडलेली. आमच्याकडे अशा दिवसांत पाहुणा आला की भरीतच. बापूंच्या भरताचं पंचक्रोशीत नाव होतं, आणि ते नाव घेण्यात बापू स्वतः सर्वांच्या पुढे असत.

पण आबाही रिकाम्या हातानं आले नव्हते. जीपमधून पेढ्यांच्या पुड्याआधी उतरलं ते वांग्यांचं पोतं. स्वतःच्या रानातली वांगी. लहान, जांभळी, देठाला काटे.

"आबासाहेब," बापू आवाज सांभाळत म्हणाले, "आधी भाजू द्या. मग बोला."

"भाजायचं?" आबांनी शालनकाकूंकडे बघितलं. "ऐकलंस का? वांगं भाजत्यात म्हणं हिकडं! पाव्हणं, वांगं भाजत न्हाईत, वांगं भरत्यात. शेंगदाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, आमची कांदा-लसणाची चटणी. देठ तसाच ठेवायचा. कृष्णाकाठचं वांगं शिजलं की लोण्यावाणी हुतंय. म्हणून तर पोतंभर आणलं. म्हटलं, बिचाऱ्यांनी कधी खाल्लं नसंल."

"बिचारे कोण?" बापूंनी विचारलं.

विहिरीवरचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

"असं करू," बापू म्हणाले. "दोन्ही करू. इथंच, मळ्यात. तुम्ही तुमची भरली वांगी करा, मी माझं भरीत करतो. सगळ्यांदेखत."

"आणि सांगणार कोण, कुठलं चांगलं ते?"

बापूंनी आमच्याकडे बोट केलं. "ह्यांचं लग्न आहे ना? मग ह्यांनीच सांगावं. पोरांना खोटं बोलता यायचं नाही."

आबांना ते फारच पसंत पडलं. मी संग्रामकडे बघितलं. तो विहिरीकडे बघत होता.

बापूंनी कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि धग बसल्यावर वांगी आत सारली. भाजताना ते कुणाशी बोलत नसत. साल चरचरत काळं पडलं, वांग्यातून वाफेची शिट्टी निघाली, की नुसत्या आवाजावरून ते वांगं उलटायचं. मग सोलून बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, घालून मुसळानं ठेचायचं. तेल तापवून त्यात लसूण, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, वर मुठीमुठीनं कांद्याची पात. टोमॅटोचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. एकदा जळगावच्या हॉटेलात भरतात टोमॅटो निघाला तेव्हा ते ताटावरून उठून आचाऱ्याला शोधायला गेले होते.

पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर आबा भरली वांगी करत होते. म्हणजे शालनकाकू करत होत्या आणि आबा सांगत होते. काकू बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. मसाला कालवता कालवता त्यांनी आईला हळूच विचारलं, "चार बारकं कांदं मिळतील का वो?"

"कांदं कशाला?" आबांनी ऐकलंच. "आज निव्वळ वांगं. कसली भेसळ नको. उगं न्हाईतर पाव्हणं म्हंतील, कांद्यानं चव आली."

काकूंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून मुलाकडे बघितलं. संग्रामनं किंचित मान हलवली, असू दे म्हणाल्यासारखी. मला वाटलं, थोरातांच्या घरात भरल्या वांग्यांत कांदे घालत असतील. आणखी काही वाटायला माझं लक्ष ठिकाणावर कुठं होतं? मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. भरीत चांगलं म्हणावं तर सासरे गेले. वांगी चांगली म्हणावीत तर बाप गेला. दोन्ही चांगली म्हणावीत तर दोघंही चिडणार.

आंब्याखाली पंगत बसली. ताटात एका बाजूला भरीत, एका बाजूला भरली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कच्चा कांदा. संग्राम माझ्यासमोर बसला होता. बापूंनी त्याला भरीत वाढलं, ते चमच्यानं नव्हे, वाटीनं. आबांनी पोराच्या ताटात देठ धरून वांगी ठेवली, एकापुढं एक. संग्रामनं दोन्हींकडे बघितलं आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली.

"घे, घे, लाजू नको," बापू म्हणाले आणि आणखी भरीत वाढलं.

"माझी संपली की रं!" आबा म्हणाले आणि आणखी वांगी ठेवली.

तो खात राहिला. न बोलता, न थांबता. मला कौतुकच वाटलं. दोघांनाही खूश करायचं तर असं, असं मनात आलं. शालनकाकू मात्र जेवत नव्हत्या. पदराचं टोक मुठीत धरून पोराच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हं," आबा हात धुऊन आले. "आता सांग. आधी तू सांग, मग सूनबाई सांगंल." ते मला सूनबाई म्हणाले, हे त्या गडबडीत फक्त आईच्या लक्षात आलं.

संग्राम उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं.

"थोनही थान थाली आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"थोनही. थान."

"नीट बोल की रं!" आबा खेकसले. "घास हाय का तोंडात?"

घास नव्हता. ओठ होते. बघता बघता त्याचे ओठ पुरीसारखे फुगले होते. डाव्या डोळ्याची पापणी मिटत चालली होती, गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. तो तरीही आळीपाळीनं दोघांकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता, आणि ते सगळ्यांत भयंकर दिसत होतं.

"जीप काढा!" मी ओरडले.

यावलला डॉक्टर फेगड्यांचा दवाखाना. आबा जीप चालवत होते, बापू शेजारी बसून रस्ता दाखवत होते, आणि रस्ता दाखवण्याच्या मधल्या वेळात दोघं भांडत होते.

"तुमच्या त्या सशानं झालं हे!"

"डावीकडे घ्या. आमच्या वांग्यानं आजवर कुणाची पापणी सुजली नाही. काटे कुणाच्या वांग्याला आहेत? पुढं खड्डा आहे."

"काटं देठाला असत्यात, पोटात जात न्हाईत!"

"तुम्ही देठासकट वाढली. आता उजवीकडे."

मागच्या सीटवर मी संग्रामचा हात धरून बसले होते. त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय का, एवढंच बघत होते. काकू दुसऱ्या बाजूला त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणत होत्या, "द्यायला पायजे हुतं कांदं. ऐकायला नको हुतं मी."

डॉक्टर फेगड्यांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "काय खाल्लं?"

"वांगं," मी म्हणाले.

"ह्यांचं," आबा म्हणाले.

"ह्यांचं," बापू म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे नीट बघितलं. "तुम्ही दोघं बाहेर बसा," ते म्हणाले.

मी थोड्या वेळानं बाहेर आले तेव्हा ते दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. बापू उठले, माठातून पेला भरून आणला आणि काही न बोलता त्यांच्यापुढे धरला.

"योकच हाय मला," आबा म्हणाले.

"मलाही एकच आहे," बापू म्हणाले आणि बाकाच्या मधोमध येऊन बसले.

"सूज उतरतेय," मी सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्याला वांगं बाधतं. पुन्हा कधी द्यायचं नाही."

दोघांनीही एकदमच मोठा श्वास सोडला. मग आबांनी टोपी डोक्यावर चढवली. "कुठलं वांगं, ते म्हणाला का डाक्टर?"

आबा आणि काकू त्या दिवशी परत निघणार होते, ते अर्थातच राहिले. संग्रामला मऊ भात खायला घालून झोपवलं. सकाळी तो उठला तेव्हा पापणी उघडली होती, ओठ अजून जरा जाड होते, पण बोलणं समजत होतं. तो ओसरीवर खाटेवर बसला होता, मी त्याला चहा देत होते, तेवढ्यात आतून बापू आणि आबा बरोबर बाहेर आले. बरोबर, खांद्याला खांदा लावून. मला आनंद व्हायला हवा होता. पण दोघांच्या हातांत एकेक वाटी होती.

"हे बघ बेटा," बापू गोड आवाजात म्हणाले, "आमचं दोघांचं बोलणं झालं. डॉक्टर काय, सरसकट सांगतात. वांग्यावांग्यात फरक असतो. तर आता नखाएवढं भरीत घे."

"आणि दुपारच्याला नखाएवढं माझं वांगं," आबा म्हणाले. "म्हंजे कळंल, कशानं झालं ते. कसा इचार काढलाय पाव्हण्यांनी!"

"विचार तुमचा होता आबासाहेब."

"न्हाई न्हाई, मूळ तुमचाच."

दोन माणसांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं. वाट्या खाटेवर ठेवून ते वाट बघत उभे राहिले.

मी कपबशी हातात धरून तशीच थांबले. बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. वाट्या उचलून अंगणात भिरकावाव्यात असंही वाटलं. पण आईचा तो प्रश्न आठवला आणि मी गप्प राहिले. हा आता काय करतो ते मला बघायचं होतं. त्यानं नखाएवढं जरी तोंडात घातलं असतं ना, तर मी नाशिकला परत गेले असते आणि त्याच्यापासून लांबचं टेबल मागून घेतलं असतं.

संग्रामनं वाट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही," तो म्हणाला.

"अरं, नखभर..."

"आबा, नाही. मी वांगं खाणार नाही. तुमचंही नाही आणि बापूंचंही नाही. मला वांगं चालत नाही. लहानपणापासून चालत नाही. नुसतं जिभेला लागलं तरी घसा खाजतो."

आबा हसायला लागले. "काय सांगतोस! घरी तर दर दोन दिसांनी चापतोस. वर म्हंतोस, आबा, झकास झाल्यात!"

"ते कांदं असत्यात."

हे संग्राम नाही बोलला. दारात शालनकाकू उभ्या होत्या.

"काय असत्यात?" आबांनी विचारलं.

"कांदं. बारकं कांदं घेऊन वांग्यावाणीच चिरते, त्योच मसाला भरते आणि येगळ्या भांड्यात शिजवते. वरनं कांद्याचाच रस्सा घातला की वळखू येत न्हाई. लहान हुता तवा तुमाला सांगितलंवतं त्यानं, घसा खाजतोय म्हणून. तर तुमी काय म्हणालासा? थोरातांच्या घरात जन्मून वांगं खात न्हाई, लोकं काय म्हंतील! आणि बसून खायला लावलंसा. अंगभर पित्त उठलं पोराच्या. तवापासनं मी कांदं भरते."

आबा खाटेच्या काठावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक जेवण सरकत जाताना दिसत होतं.

"मग ते... झकास झाल्यात म्हणायचा ते?"

"कांद्याला म्हणायचा."

"आणि पाव्हण्यारावळ्यांना मी सांगायचो, माझ्या पोराइतकी वांगी पंचक्रोशीत कुणी खात न्हाई..."

"कांदं खायचा," काकू म्हणाल्या. "लई आवडीनं खायचा."

बापूंच्या घशातून एक आवाज आला. मी बघितलं तर ते धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसू दाबत होते. आबांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं आणि मग त्यांनाही ते आवरेना. दोघं इतके हसले की बापूंना खांबाचा आधार घ्यावा लागला. वाट्या आईनं येऊन उचलून नेल्या, त्या कुणाच्या ध्यानातही आल्या नाहीत.

डोळे पुसून झाल्यावर बापू संग्रामजवळ बसले. "मग बेटा, तुला आवडते तरी कोणती भाजी?"

संग्राम गोंधळला. त्याला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "सांगू?"

"सांग ना. आज तीच करू."

"शेपू."

"शेपू?" बापू म्हणाले.

"शेपू?" आबा म्हणाले.

खानदेश आणि कृष्णाकाठ, दोघांचा सूर एकच होता.

"अरे, त्याचा वास!" बापू म्हणाले.

"आणि ढेकर!" आबा म्हणाले. "सकाळी खाल्ला तर दिस मावळंस्तवर येतोय!"

"एकदा आमच्या चुलत्याकडे खाल्ला होता मी, आबासाहेब, अजून तोंडातून जात नाही."

"आवं, गुरंसुदिक तोंड लावत न्हाईत त्याला!"

पण शब्द दिला होता. दोघं जीप घेऊन बाजाराला गेले. आयुष्यात कधी शेपू विकत घेतला नव्हता, त्यामुळे ओळखण्याची भानगड झाली असणार. परत आले ते शेपूच्या जुड्यांचा भारा घेऊन. जीपला त्या वासानं घेरलं होतं आणि दोघांनी तोंडावर रुमाल बांधले होते.

त्या दिवशी मी एक निराळाच संग्राम बघितला. खाटेवर बसल्या बसल्या तो हुकूम सोडत होता. "नुसतं पान खुडा, जाड देठ नको. मूगडाळ भिजवलेली आहे ना? लसूण चिरू नका, ठेचा. भरपूर. तेलात आधी लसूण लाल होऊ द्या, मग मिरची, मग डाळ. शेपू अगदी शेवटी. आणि झाकण ठेवू नका कुणी, हिरवा रंग जातो." नाशिकच्या खानावळीत आठवड्यातून एकदा शेपू व्हायचा. बाकीचे नाक मुरडून वाट्या पुढे सारायचे आणि याच्यापुढे रांगेनं वाट्या यायच्या, असं त्यानं सांगितलं. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. खाली चटईवर समोरासमोर बसून बापू आणि आबा शेपू निवडत होते. लग्न मेमध्ये करायचं की दिवाळीनंतर, यावर त्यांची चर्चा चालली होती. मेमध्ये आमच्याकडचा उन्हाळा सोसणार नाही, असं आबांचं म्हणणं पडलं, आणि बापूंनी ते चटकन मान्य केलं. लग्न करायचं की नाही, हा विषय कधी आणि कुठं सुटला ते आम्हाला कळलंच नाही.

जेवायला सगळे एकदमच बसलो. आईनंच आग्रह केला, बायका मागून नकोत म्हणाली. ताटात शेपू आला. संग्रामनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

आबांनी एक घास घेतला. चावला. गिळला. पाणी प्यायले. "झकास झालाय," ते म्हणाले.

बापूंनी घास घेतला. त्यांच्या गालाचा स्नायू उडाला. "उत्तम," ते म्हणाले. "अगदी वेगळंच."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चमच्याच्या टोकावर घेतलेला शेपू तोंडात घातला होता आणि तो खाली जायला तयार नव्हता.

"तुला कसा वाटला?" संग्रामनं विचारलं.

"मला नाही आवडला," मी म्हणाले. "साबणासारखा लागतो."

आईनं कपाळावर हात मारला. पण संग्राम इतका हसला की त्याचे सुजरे ओठ दुखायला लागले आणि तो एका हातानं ओठ धरून हसत राहिला. "मग नको खाऊस," तो म्हणाला. "मला जास्त उरेल." आणि त्यानं माझ्या ताटातला शेपू आपल्या ताटात ओढून घेतला.

"बरं झालं," शालनकाकू म्हणाल्या. "आमच्या घरात तोंडानं बोलणारं एक माणूस पायजेच हुतं." मग त्यांनी आमटीची वाटी जवळ ओढली. "आता निघालाच हाय इषय, तर मीबी सांगून टाकते. मलाबी वांगं आवडत न्हाई."

आबांचा घास तोंडाजवळ थांबला. "तुला?"

"पहिल्यापासनं."

"अगं, तुझ्या हातच्या वांग्यासाठी सांगलीपासनं माणसं येत्यात! जन्मभर वांगी करतीस, आणि खातीस काय मग?"

"मी शेवटाला जेवते. कोण बघाय येतंय, मी काय खाते ते? चटणी खाते, ठेचा खाते."

आबांनी घास ताटात ठेवला. त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला ते दुसरंच कुणी वाटलं.

"मग तुला काय आवडतंय?"

काकू विचार करत राहिल्या. आम्ही सगळे जेवायचं थांबलो होतो.

"चाकवत," त्या म्हणाल्या. "माझी आई ताकातला करायची. कवळा पाला, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणं, आणि ताक आंबट पायजे. वरनं लसणाची चरचरीत फोडणी. गरम भाकरी कुस्करून खायची." बोलता बोलता त्यांनी ताटातली भाकरी खरंच कुस्करली होती.

"चाकवत म्हणजे काय?" बापूंनी विचारलं. आमच्याकडे तो कुणी खात नाही.

"पालेभाजी हाय," आबा म्हणाले. "पेरायला लागत न्हाई, आपसूक येतीय. आमच्या उसाच्या बांधाला बख्खळ उगवतोय." ते काकूंकडे वळले. "अगं, पण तण म्हणून मी दरसाल उपटून टाकतोय की त्यो."

"ठावं हाय," काकू म्हणाल्या. "बघते की मी."

काकूंनी कुस्करलेल्या भाकरीवर आमटी ओतून घेतली.

"ह्या साली नका उपटू," त्या म्हणाल्या.